मानेवरची गाठ दुखत नाही आणि जातही नाही: टीबीसारखा दिसणारा हॉजकिन लिम्फोमा समजून घ्या

हाताला जखम झाली की काखेत गाठ येते, पायाला काटा लागून पिकला की जांघेत येते. आपल्याकडे त्याला अवधाण म्हणतात. आठ-दहा दिवसांत ते आपोआप बसतं. मानेला गाठ आली आणि महिनाभर बसलीच नाही, तर जुनी माणसं गंडमाळ म्हणतात, म्हणजे मानेच्या गाठींचा टीबी. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात ही दोन नावं घरोघरी माहीत आहेत आणि बहुतेक वेळा यातलं एक बरोबरही निघतं.

पण एक तिसरी शक्यता असते. ती क्वचितच खरी ठरते, म्हणूनच राहून जाते. तिचं नाव हॉजकिन लिम्फोमा. हा आपल्या रोगप्रतिकारक पेशींचाच कॅन्सर आहे. लाखभर माणसांमागे वर्षाला साधारण एखाद्यालाच तो होतो. वेळेत ओळखला तर सगळ्यात जास्त बरं होणाऱ्या कॅन्सरपैकी हा एक आहे. अडचण ‘वेळेत ओळखला तर’ या तीन शब्दांत आहे, आणि हा लेख बराचसा त्याबद्दलच आहे.

हा नेमका कशाचा कॅन्सर?

आपल्या अंगात रक्तवाहिन्यांसारखंच आणखी एक जाळं असतं, लसिकावाहिन्यांचं. त्यातून पाण्यासारखा द्रव वाहतो आणि वाटेत ठिकठिकाणी वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक गाठी असतात. मान, काख, जांघ, छातीच्या आत, पोटात. या गाठी म्हणजे चेकनाके समजा. जंतू आला की इथे अडवला जातो, आणि त्याला ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी इथेच तयार होऊन वाढतात. गडबड असेल तेव्हा नाक्यावर गर्दी होते आणि गाठ सुजते. म्हणजे गाठ सुजणं हा मुळात काम चालू असल्याचा पुरावा आहे.

या पांढऱ्या पेशींतल्या एका गटाला लिम्फोसाइट म्हणतात. त्यांचे मोठे प्रकार दोन: बी आणि टी. बी पेशी जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात, टी पेशी बिघडलेल्या पेशी शोधून मारतात. यातली एखादी पेशी स्वतःच बिघडली, मरायची वेळ आली तरी मरेना आणि स्वतःच्या प्रती काढत सुटली, तर त्याला लिम्फोमा म्हणतात. लिम्फोमाचे कित्येक प्रकार आहेत. त्यात हॉजकिन हा एक गट आणि बाकीचे सगळे ‘नॉन-हॉजकिन’. नॉन-हॉजकिन जास्त आढळतो, हॉजकिन कमी.

हॉजकिनमध्ये बिघडते ती बी पेशी. ती इतकी बदलते की बी पेशीची ओळखच तिच्या अंगावर उरत नाही. ती मूळची बी पेशी आहे हे शास्त्रज्ञांना जनुकांची तपासणी करून थेट १९९० च्या दशकात कळलं. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे गाठीत या कॅन्सरच्या पेशी असतात किती? बहुतेकदा शंभरात एक-दोन. उरलेली सगळी गाठ त्यांच्याभोवती जमलेल्या चांगल्या पेशींची. गावात एक गुंड शिरावा आणि त्याला बघायला, धरायला, त्याच्या बाजूने भांडायला अख्खा गाव जमावा, तसं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तपासणीच्या वेळी तिचं महत्त्व कळेल.

का होतो? बहुतेक रुग्णांमध्ये ठोस कारण सांगता येत नाही. एपस्टाइन-बार नावाच्या एका विषाणूचा संबंध अनेक रुग्णांत दिसतो आणि भारतात, विशेषतः लहान मुलांच्या हॉजकिनमध्ये, हा संबंध पाश्चात्य देशांपेक्षा जास्त आढळतो. पण हा विषाणू जगातल्या बहुतेक माणसांच्या अंगात कधी ना कधी येऊन गेलेला असतो आणि त्यांना काहीच होत नाही. एचआयव्ही असणाऱ्यांना धोका वाढतो. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताटवाटी वेगळी करायची गरज नाही, लेकराला जवळ घ्यायला हरकत नाही.

वय? लोकांच्या डोक्यात कॅन्सर म्हणजे म्हातारपण किंवा तंबाखू. हॉजकिन मात्र ऐन विशी-तिशीतल्या पोरापोरींना होतो, आपल्याकडे शाळकरी मुलांनाही होतो, आणि नंतर पन्नाशीच्या पुढे पुन्हा थोडा वाढतो. तंबाखूला हात न लावलेल्या पोराला कॅन्सर कसा होईल, असं म्हणून घरचेच शंका झटकून टाकतात. तेव्हा हे वयाचं गणित माहीत असलेलं बरं.

टीबी आणि हा, जुळे वाटावेत इतके सारखे

आता मुद्द्यावर येऊ. हॉजकिनची लक्षणं वाचा: मानेला किंवा हाडकाच्या वरच्या खळगीत रबरासारखी, न दुखणारी गाठ. संध्याकाळचा बारीक ताप. रात्री अंथरूण ओलं होईल इतका घाम. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरणं. छातीतल्या गाठी वाढल्या तर खोकला आणि धाप.

ही यादी कुठल्याही आशाताईंना वाचून दाखवली तर त्या काय म्हणतील? टीबी. आणि त्यांचं बरोबर आहे. भारतात दरवर्षी २५ लाखांहून जास्त लोकांना टीबी होतो, आणि फुप्फुसाबाहेरच्या टीबीत लसिकाग्रंथींचा टीबी सगळ्यात जास्त. त्यामुळे मानेची गाठ आणि ताप घेऊन आलेला माणूस समोर बसला की डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येणं हे आकड्यांच्या हिशोबाने योग्यच आहे.

चूक पुढे होते. गाठीचा तुकडा न तपासता, ‘टीबीच असणार’ असं धरून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. गाठ कमी होत नाही. मग आणखी दोन महिने वाढवले जातात. त्यातच पोरगं दिवाळीनंतर आई-बापांबरोबर वीटभट्टीवर जातं, गोळ्या तुटतात, आणि गाठ वाढली तर दोष गोळ्या तुटल्याला दिला जातो. कातकरी, ठाकूर वस्त्यांवर काम करणाऱ्या कुणालाही हे चक्र नवीन नाही. लिम्फोमाच्या रुग्णाने आधी टीबीची औषधं घेऊन झालेली असणं, हे भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा नोंदवलेलं आहे. तेवढ्या काळात पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावरचा आजार तिसऱ्या-चौथ्यावर जातो.

गंमत बघा, ही गल्लत सव्वाशे वर्षं जुनी आहे आणि ती मोठमोठ्यांनी केली आहे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये थॉमस हॉजकिन नावाचा डॉक्टर शवविच्छेदन करायचा. १८३२ मध्ये त्याने गाठी आणि प्लीहा वाढून मेलेल्या सात रुग्णांबद्दल लिहिलं, तेही सूक्ष्मदर्शक न वापरता. त्या सातही जणांना हाच आजार होता असं आज कुणी म्हणत नाही, पण हा काहीतरी वेगळा रोग आहे हे त्याने हेरलं होतं. १८६५ मध्ये सॅम्युअल विल्क्स या दुसऱ्या डॉक्टरने रोगाला हॉजकिनचं नाव दिलं. पुढे १८९८ मध्ये व्हिएन्नात कार्ल स्टर्नबर्गने या गाठींतल्या मोठ्या, विचित्र पेशींचं वर्णन केलं, आणि निष्कर्ष काढला की हा टीबीचाच एक प्रकार आहे! त्याच्या रुग्णांपैकी अनेकांना टीबीही होता, त्यामुळे तो फसला.

तो गुंता सोडवला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डोरोथी रीड या तरुण डॉक्टरने. १९०२ मध्ये तिने दाखवून दिलं की हा स्वतंत्र आजार आहे, टीबी नाही. त्या पेशींना आज ‘रीड-स्टर्नबर्ग पेशी’ म्हणतात. त्यात दोन मोठी केंद्रकं समोरासमोर असतात, घुबडाच्या डोळ्यांसारखी. रीडबाईंना मात्र बाई म्हणून तिथे पुढे संधी दिसेना, म्हणून त्यांनी हे संशोधनच सोडलं. पुढे त्यांनी माता-बालआरोग्यात मोठं काम केलं, पण तो वेगळा विषय.

मग ओळखायचं कसं?

फरक दाखवणाऱ्या काही खुणा आहेत, पण कुठलीच पक्की नाही. टीबीच्या गाठी बऱ्याचदा एकमेकींना चिकटतात, मऊ पडतात, फुटून वाहतात. हॉजकिनच्या सुट्या, रबरी राहतात. हॉजकिनमध्ये काहींना अंगभर खाज सुटते आणि पुरळ मात्र नसतं. क्वचित कुणाला दारू प्यायल्यावर काही मिनिटांत गाठ दुखते. फार कमी जणांत हे दिसतं, पण दिसलं तर डॉक्टरांना जरूर सांगा, लाजू नका. आणि दोन्ही आजार एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, हेही खरं.

म्हणून उत्तर एकच: गाठ तपासणं. इथेही एक खाचखळगा आहे.

सरकारी दवाखान्यात किंवा तालुक्याच्या लॅबमध्ये आधी होते ती सुईची तपासणी, एफएनएसी. बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून काचेवर पसरवतात. स्वस्त आहे, लगेच होते, टीबीसाठी उपयोगी आहे. त्याच नमुन्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनने टीबीचा जंतूही शोधता येतो. पण वर सांगितलेलं गणित आठवा: शंभरात एक-दोन पेशी कॅन्सरच्या. सुईत नेमक्या त्या आल्याच नाहीत, तर रिपोर्ट ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ येतो, म्हणजे साधी सूज. त्याहून फसवा रिपोर्ट ‘ग्रॅन्युलोमा’ असा येतो. ग्रॅन्युलोमा दिसला की टीबी, असं समीकरण आपल्याकडे घट्ट बसलंय. पण हॉजकिनच्या गाठीतसुद्धा ग्रॅन्युलोमा सापडू शकतात. जंतू सापडला असेल तर गोष्ट वेगळी. नुसता ग्रॅन्युलोमा म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे.

हॉजकिनची शंका असेल तर पूर्ण गाठ काढून तपासावी लागते. याला एक्सिजन बायोप्सी म्हणतात. मानेची गाठ वरवर असेल तर तेवढीच जागा बधिर करून हे होतं. ‘गाठीला चाकू लावला की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावागावांत आहे. लिम्फोमाच्या बाबतीत तिला आधार नाही. उलट चाकू न लावल्यामुळेच तो ओळखल्याशिवाय वाढत राहतो.

बायोप्सीच्या दिवशी दोन गोष्टी सांभाळा, कारण त्या नंतर दुरुस्त करता येत नाहीत. एक, काढलेली गाठ फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मलिनमध्ये टीबीचा जंतू मरतो, मग कल्चर करता येत नाही. म्हणून दोन्ही आजारांची शंका असेल तर एक तुकडा फॉर्मलिनमध्ये आणि एक साध्या सलाईनमध्ये ठेवाल का, असं सर्जनना आधीच नम्रपणे विचारा. दोन, लॅबमध्ये गाठीचा मेणाचा छोटा ठोकळा आणि काचपट्ट्या बनतात. रिपोर्टच्या कागदापेक्षा तो ठोकळा मोलाचा आहे. मोठ्या हॉस्पिटलात गेल्यावर तो पुन्हा तपासतात, सीडी३०, सीडी१५ अशा खुणांसाठी त्यावर विशेष रंग लावून बघतात. ठोकळा जवळ नसेल तर पुन्हा बायोप्सी करायची वेळ येऊ शकते. लॅबकडून तो मागून घ्या. तो तुमचाच आहे.

आणि एक इशारा, जो या सगळ्या लेखात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाठ आणि ताप असताना, निदान होण्याआधी, स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या घेऊ नका. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ चटकन बसते, ताप उतरतो, भूक लागते. घरच्यांना वाटतं डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. काही आठवड्यांनी आजार परत उसळतो, आणि मधल्या काळात बायोप्सी केली तर त्यात नीट काही दिसत नाही. कुठलं इंजेक्शन देताय हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. चिठ्ठीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन ही नावं असतील तर ती स्टेरॉइड आहेत.

आता याचा उलटा अर्थ काढू नका. टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि गाठ कमी होत नाही, म्हणून गोळ्या फेकून देणं हा वेडेपणा ठरेल. खऱ्या टीबीतसुद्धा उपचार चालू असताना गाठी काही काळ वाढू शकतात. गोळ्या चालू ठेवायच्या आणि विचारायचं: जंतू सापडला होता का? बायोप्सी झाली आहे का? दीड-दोन महिने नीट गोळ्या घेऊनही ताप, घाम, वजन यात फरक नसेल तर हा प्रश्न पुढे ढकलू नका. टीबीची औषधं सुरू नसतील आणि गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नसेल, तरी दाखवायला जा. हाडकाच्या वरच्या खळगीत गाठ असेल तर तेवढंही थांबू नका.

टप्पे, आणि ‘चौथी स्टेज’चा धसका

निदान झालं की पेट-सीटी स्कॅन होतो. त्यात साखरेसारखं एक द्रव्य शिरेतून देतात, कॅन्सरच्या पेशी ते जास्त खातात आणि चित्रात चमकतात. त्यावरून चार टप्पे ठरतात. गाठी एकाच भागात असतील तर पहिला; छातीखालच्या पडद्याच्या एकाच बाजूला दोन किंवा जास्त भागांत असतील तर दुसरा; पडद्याच्या दोन्ही बाजूंना असतील तर तिसरा; यकृत, फुप्फुस, अस्थिमज्जा अशा ठिकाणी पसरला असेल तर चौथा.

इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये चौथी स्टेज ऐकली की लोक आशा सोडतात. हॉजकिनमध्ये असं करू नका. लवकरच्या टप्प्यात साधारण दहापैकी नऊ रुग्ण बरे होतात, आणि पुढच्या टप्प्यांतही निम्म्याहून बरेच जास्त. ‘चौथी आहे, आता कशाला मुंबईला न्यायचं’ असं म्हणत घरी ठेवणं, हे या आजारात थेट नुकसान आहे.

अंगणातली सदाफुली आणि चार औषधं

उपचाराचा पाया अजूनही एक जुनी चौकडी आहे, एबीव्हीडी. १९७० च्या दशकात इटलीतल्या मिलानमध्ये ज्यान्नी बोनाडोना यांच्या टीमने ती बसवली. चार औषधांची आद्याक्षरं जोडून नाव झालं: अ‍ॅड्रियामायसिन, ब्लिओमायसिन, विनब्लास्टिन, डाकार्बाझिन.

यातलं विनब्लास्टिन आलंय सदाफुलीतून. तीच, जी मुरबाडच्या प्रत्येक दुसऱ्या अंगणात डब्यात लावलेली असते. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे संशोधक मधुमेहावर उपयोग होतो का म्हणून तिचा अर्क उंदरांना देत होते. साखरेवर काही परिणाम दिसला नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. पांढऱ्या पेशी कमी करणारी गोष्ट पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर चालेल का, या विचारातून औषध निघालं.

हे वाचून कुणी सदाफुलीची पानं वाटून प्यायला देऊ नका, अशा पोस्ट फिरत असतात म्हणून सांगतेय. एका इंजेक्शनपुरतं शुद्ध औषध काढायला पानांचे ढीग लागतात, आणि पानांत त्याच्या जोडीला इतर बरीच द्रव्यं असतात. किती पोटात गेलं याचा हिशोब राहत नाही, विषबाधा मात्र होऊ शकते. अ‍ॅड्रियामायसिनही असंच मातीतून आलेलं, इटलीत सापडलेल्या एका जिवाणूपासून; नाव तिथल्या एड्रियाटिक समुद्रावरून. ते लालभडक असतं आणि दिल्यावर एखादा दिवस लघवी लालसर होते. रक्त नसतं ते, घाबरू नका.

एबीव्हीडीचं एक चक्र २८ दिवसांचं. पहिल्या आणि पंधराव्या दिवशी सलाईनमधून औषध. टप्प्याप्रमाणे दोन ते सहा चक्रं, काहींना नंतर रेडिएशन. साधारण दोन चक्रांनंतर पुन्हा पेट स्कॅन करून औषध लागू पडतंय का ते बघतात. स्कॅन चांगला आला तर पुढच्या आजारात ब्लिओमायसिन काढूनही टाकतात, कारण ते फुप्फुसाला त्रास देतं. या काळात विडी-सिगारेट पूर्ण बंद.

केस जातात, परत येतात. मळमळीवर आता चांगली औषधं आहेत. लग्न न झालेल्या पोरापोरींच्या आई-वडिलांचा न विचारलेला प्रश्न असतो तो मूलबाळ होईल का हा. एबीव्हीडीने वंध्यत्वाचा धोका तुलनेने कमी आहे, आणि बऱ्या झालेल्या अनेकांना मुलं झाली आहेत. तरी उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना हे विचारा. मुलांसाठी वीर्य साठवून ठेवायची सोय असते, मुलींसाठीही पर्याय असतात. पहिलं इंजेक्शन लागल्यावर हा प्रश्न आठवून उपयोग नाही.

आजार परत आला तर? मग जास्त जोरदार केमो आणि स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण करतात. ब्रेन्टुक्सिमॅब, निव्होलुमॅब ही नवी औषधंही आहेत. ती महाग आहेत, पण दुसऱ्यांदा बरं होणारे रुग्णही आहेत.

आसनगाव ते परळ

भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. तिथलं पाणी रोज मुंबईला पोचतं. त्याच वाटेने रुग्णाला जायचं असेल तर मात्र पाड्यावरून जीप किंवा रिक्षा, आसनगाव किंवा खर्डीला लोकल, दोन तासांनी दादर, तिथून परळचं टाटा मेमोरियल. मुरबाडला तर रेल्वेच नाही. टोकावडे, धसईकडचा माणूस एसटीने आधी मुरबाड, मग कल्याण, मग लोकल पकडतो. सहा चक्रं म्हणजे फक्त औषधासाठी अशा बारा फेऱ्या. तपासण्यांच्या वेगळ्या.

टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. त्याच्या मुळाशी रक्ताचाच कॅन्सर आहे: सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, आणि त्यानंतर टाटांच्या न्यासांनी या कामात लक्ष घातलं. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे जनरल विभागात नाव नोंदवता येतं.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कॅन्सरची केमोथेरपी त्यात येते. रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायचं. एबीव्हीडीची औषधं जुनी असल्याने त्यामानाने स्वस्त आहेत. खरी खिशाला कात्री लागते ती योजनेत नाव लागण्याआधीच्या तपासण्यांना, प्रवासाला आणि बुडालेल्या मजुरीला. टाटामधल्या मेडिकल सोशल वर्क विभागात हे मोकळेपणाने सांगा. मदत कुठून मिळेल ते त्यांना माहीत असतं. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, आणि लहान मुलं असतील तर सेंट ज्यूड्सची केंद्रं आहेत. मुंबई लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सर रुग्णांनाही प्रवास करता येतो, आणि उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वे आणि एसटी सवलत देतात. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो, तो पहिल्याच फेरीत मागा.

केमोनंतरचा ताप, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं

औषध दिल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या दिवसांत ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वर आकडा दिसला की तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू होणं जिवाचा प्रश्न असतो. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. ताप उतरतो, संसर्ग आत वाढत राहतो.

परळच्या माणसाला हे सोपं आहे. पावसाळ्यात रस्ता वाहून गेलेल्या वाडीतून रुग्ण डोलीत आणावा लागतो, अशा बातम्या या दोन तालुक्यांतून दर वर्षी येतात. म्हणून ताप यायच्या आधीच ठरवून ठेवा: गाडी कुणाची, रात्री फोन कुणाला, सगळ्यात जवळचं इंजेक्शन देऊ शकणारं ठिकाण कोणतं. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय जवळ असेल तर आधी तिथे जा, थेट मुंबईचा रस्ता धरू नका. पहिला डोस तिथे, मग पुढे. सोबत टाटाची फाईल न्या आणि दारातच सांगा, ‘केमो चालू आहे, ताप आलाय.’ केमोच्या महिन्यांत शक्य असेल तर चिखलातली लावणी टाळा, पाणी उकळून प्या, आणि घरात थर्मामीटर ठेवा. तीसेक लोकांच्या वस्तीत एक असला तरी चालेल.

‘आयआयटीने कॅन्सरचं औषध शोधलं’ हे खरं का?

ही रील तुमच्याकडेही आली असेल. बातमी खरी आहे, पण अर्धी सांगितली जाते. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोअ‍ॅक्ट या कंपनीने मिळून ‘नेक्सकार१९’ ही कार-टी उपचारपद्धती तयार केली. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवायचं, आणि परत अंगात सोडायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला भारतात मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत ती सादर झाली. परदेशात अशा उपचाराला कोट्यवधी लागतात, इथे काही लाखांत होतो, हे मोठंच काम आहे.

पण ती बी पेशींच्या काही लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे, तेही आधीचे उपचार हरल्यावर. हॉजकिनच्या पेशींनी बी पेशीची ओळख पुसलेली असते, हे वर सांगितलंच. सीडी१९ ही खूण त्यांच्यावर सहसा नसते. म्हणून हॉजकिनच्या रुग्णाने एबीव्हीडी थांबवून या उपचाराची वाट बघण्यात अर्थ नाही.

बरं झाल्यावर

उपचार संपले की पहिली काही वर्षं ठराविक अंतराने तपासणीला बोलावतात, कारण आजार परत आला तर बहुधा याच काळात येतो. गाठ पुन्हा लागली, घाम-ताप सुरू झाला तर तारखेची वाट न बघता जायचं. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी दर वर्षी करावी. तरुणपणी छातीला रेडिएशन झालेल्या मुलींनी पुढे स्तनांची तपासणी इतर बायकांपेक्षा लवकर सुरू करावी लागते.

फाईल जपून ठेवा, घराचं छप्पर गळत असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत. आणि त्यात एक कागद वर लावून ठेवा: कोणती औषधं, किती वेळा, कोणत्या वर्षी. दहा वर्षांनी अपेंडिक्सचं ऑपरेशन करायची वेळ आली, तरी ब्लिओमायसिन घेतलेलं आहे हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. त्या रुग्णाला ऑपरेशनमध्ये ऑक्सिजन किती द्यायचा, याचा हिशोब त्यावरून बदलतो.